जुन्या आर्केड मशीनला पडदा कोणता: सीआरटी की एलसीडी?

ऐंशीच्या दशकातल्या बहुतेक खेळांची चित्रं सीआरटीच्या, म्हणजे काचेच्या ट्यूबच्या जुन्या पडद्याच्या, सुमारे २४० ओळींसाठीच काढलेली. तिथे ठिपक्यांच्या कडा मऊ दिसतात. एलसीडीवर, म्हणजे आजच्या सपाट पडद्यावर, त्याच ठिपक्यांचे ठोकळे होतात. पडद्यावर नेम धरायची जुनी प्रकाश-बंदूक तर एलसीडीवर चालतच नाही, कारण ती सीआरटीवर धावणारा प्रकाश टिपते.

सीआरटीचं चित्र आक्रसलं किंवा थरथरलं, तर आधी चासीवरचे (पडदा चालवणाऱ्या सर्किट बोर्डवरचे) वाळलेले कपॅसिटर (वीज साठवणारे छोटे भाग) बदला. पण वीज बंद केल्यावरही ट्यूबमध्ये हजारो व्होल्ट उरू शकतात, म्हणून अ‍ॅनोड (ट्यूबची उच्च दाबाची जोडणी) डिस्चार्ज केल्याशिवाय, म्हणजे साठलेली वीज काढून टाकल्याशिवाय, आत हात घालू नका. १९८० च्या ‘पॅक-मॅन’च्या कितीतरी ट्यूबवर चक्रव्यूह कायमचा उमटलाय, तो पुसता येत नाही.

एलसीडी हलका. मात्र जुन्या मशीनचा १५ किलोहर्ट्झचा चित्र-सिग्नल एलसीडीला चालेल असा बदलणारा कन्व्हर्टर लागतो. तो हलक्या प्रतीचा असला, की बटण दाबल्यावर उडी उशिरा पडते. ट्यूब जिवंत असेल, तर कृपया काढू नका.