इंजिनिअरिंगचा ऑप्शन फॉर्म एजंटला भरू देऊ नका, साताऱ्यातला अनुभव

ज्यांच्या घरात यंदा सीईटी दिलेलं पोर आहे त्यांनी हे पूर्ण वाचा. माझ्या भाचीच्या बाबतीत घडलेलं आहे. पोरगी हुशार, ताई-दाजी कोरेगाव तालुक्यात शेती करतात, घरात इंजिनिअरिंगला जाणारी ही पहिलीच. मागच्या वर्षीचा कटऑफ बघितला तर तिच्या पर्सेंटाइलला कराडचं गव्हर्नमेंट कॉलेज ओबीसीतून आरामात मिळत होतं.

कुणीतरी दाजींना पोवई नाक्याजवळच्या एका अ‍ॅडमिशन कन्सल्टंटचं नाव सांगितलं. भिंतभर पोरांचे फोटो, खाली पर्सेंटाइल, एसी, एकदम गोड बोलणं. "दाजी तुम्ही फक्त कागदं आणा, बाकी माझ्यावर सोडा." चाळीस हजार रोख घेतले, आल्याच्या पिकाचे पैसे नुकतेच हातात आले होते त्यातनं दिले, पावती नाही. आणि रजिस्ट्रेशन करताना मोबाईल नंबर टाकला त्यानं स्वतःचा, "ओटीपी सारखे येतात, तुम्ही रानात असता, रेंज नसते" म्हणून. पासवर्ड पण त्याच्याकडंच.

ऑप्शन फॉर्म, म्हणजे कॉलेजांचा पसंतीक्रम द्यायचा फॉर्म, पोरीला समोर बसवून भरला. कराड एक नंबरला, सांगलीचं वालचंद दोन नंबरला, मग बाकीची. त्याची प्रिंट पण दिली हातात. कन्फर्म करायच्या वेळेला मात्र "सर्व्हर स्लो आहे, रात्री करून टाकतो, तुमची एसटी चुकेल" म्हणाला. कन्फर्म झाल्यावरची प्रिंट वेगळी असते आणि ती त्यानं कधीच दिली नाही.

पहिल्या राउंडला पुण्याकडचं एक प्रायव्हेट कॉलेज लागलं. हा म्हणतो यंदा मेरिट लई वर गेलं, नशीब समजा. ताईनं देवापुढं साखर पण ठेवली. पण पोरगी अलॉटमेंट लेटर घेऊन माझ्याकडं आली आणि म्हणाली, "मामा, इथं प्रेफरन्स नंबर १ लिहिलंय, माझ्या प्रिंटवर तर हे कॉलेज शेवटनं दुसरं आहे." मग आम्ही सीईटी सेलच्या, म्हणजे हे प्रवेश बघणाऱ्या सरकारी ऑफिसच्या, साइटवर कॉलेजवार अलॉटमेंटच्या याद्या असतात त्या काढल्या. कराडला तिच्याच कॅटेगरीत, तिला पाहिजे त्याच ब्रँचला, तिच्यापेक्षा कमी पर्सेंटाइलवाल्या पोरांना सीट मिळालेली. रात्रीत क्रम फिरवला होता त्यानं.

आणि खरी मेख इथं आहे. पहिल्या राउंडला एक नंबरचंच कॉलेज लागलं की सीट ऑटो फ्रीझ म्हणजे आपोआप पक्की होते, बेटरमेंटचा, म्हणजे पुढं आणखी चांगलं कॉलेज मिळवायचा, पर्यायच राहत नाही, पुढच्या राउंडमधनं पोरगं बाहेर. याला ते पक्कं माहीत होतं, म्हणूनच ते कॉलेज एक नंबरला घातलं. असल्या लोकांना काही कॉलेजकडनं प्रत्येक पोरामागं पैसे मिळतात हे आम्हाला नंतर कळलं. दोन्हीकडनं खाल्लं आणि एका पोरीचं वर्षभराचं जागरण मातीत घातलं, मला तर आजपण संताप येतो.

वर फी माफीचं काम करून देतो म्हणून अजून पाच हजार मागत होता. ओबीसी, एसईबीसी, ईडब्ल्यूएस मुलींना घरचं उत्पन्न आठ लाखाच्या आत असेल तर २०२४-२५ पासून शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे, अ‍ॅडमिशन कॅपमधनं, म्हणजे सरकारच्या या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतनं पाहिजे, अर्ज महाडीबीटी या सरकारी साइटवर आपण स्वतः करायचा. दुसऱ्या एका पालकाला तर कराडला मॅनेजमेंट कोट्यातनं सीट देतो म्हणाला होता, गव्हर्नमेंट कॉलेजला मॅनेजमेंट कोटा नसतोच हो!

पोलिसांत अर्ज दिलाय, दोन्ही क्रम दाखवणारे कागद जोडलेत. भाची त्या पुण्याकडच्या कॉलेजला जातेय, वर्ष वाया घालवायचं नाही असं तिनंच ठरवलं.

तुमच्यापैकी कुणी असाच फॉर्म दुसऱ्याकडनं भरला असेल तर आजच पोराच्या लॉगिनला जाऊन मोबाईल नंबर कुणाचा आहे बघा, पासवर्ड बदला, ओरिजिनल मार्कशीट-दाखला-जात व्हॅलिडिटी त्याच्याकडं ठेवली असेल तर परत आणा, आणि ऑप्शन फॉर्मची मुदत संपायच्या आत पोराच्या हातानं क्रम तपासून कन्फर्म करा. अडलं तर जवळच्या इंजिनिअरिंग कॉलेजमधल्या फॅसिलिटेशन सेंटरवर (प्रवेशाच्या मदत केंद्रावर) विचारा. साताऱ्यातलं कुणी याच माणसाकडं गेलं असेल तर मला कळवा, सगळ्यांचे अर्ज एकत्र देऊ.