फ्री डिशचा नवा डबा: दिवाळी ते पावसाळा, टॉवरच्या शेजारी

आधी निकाल सांगून टाकतो. डबा, म्हणजे फ्री डिशचा सेट-टॉप बॉक्स, घेण्यासारखा आहे. रिमोट मात्र टुकार आहे, आणि पावसात हा डबा काही चमत्कार करत नाही. ज्यांच्या घराला मोबाईल टॉवर लागून आहे त्यांनी पुढचं वाचावं, बाकीच्यांनी स्वस्तातला घेतला तरी चालेल.

आमचं गाव दारव्हा तालुक्यात. टॉवर उभा राहिल्यापासून जुन्या डब्यावर संध्याकाळी ठराविक चॅनेलांचे चौकोन व्हायचे, आवाज तुटायचा. सकाळी सगळं ठीक. डिशवाला दोनदा येऊन छत्री हलवून, पैसे घेऊन गेला. शेजारच्या काकांचा सवाल रास्त होता, "टावर त तिकडं हाय, छत्रीचं तोंड इकडं. मंग कसं बिघडीन थे?" फ्री डिशचा उपग्रह जीसॅट-15 हा 93.5 अंश पूर्वेला, म्हणजे आपल्या भागात छत्री आग्नेयेकडे. टॉवर पश्चिमेला.

पण गोम छत्रीत नसतेच. एलएनबी, म्हणजे छत्रीच्या तोंडाशी बसवलेलं यंत्र, उपग्रहाच्या फ्रिक्वेन्सीतून 9750 मेगाहर्ट्झ वजा करून उरलेलं वायरीत सोडतो. समजा वरून 11590 आलं, तर वायरीत 1840 उतरतं. 1800 बँडचा 4जी टॉवर फोनकडे 1805 ते 1880 मध्येच बोलतो! डब्याच्या ट्यूनरला, म्हणजे चॅनेल निवडणाऱ्या भागाला, 950 ते 2150 पर्यंतचं सगळं ऐकावं लागतं, त्यामुळे टॉवरचं आत घुसलेलं तो गाळू शकत नाही. ज्या चॅनेलांचा आकडा त्या पट्ट्यात पडतो तीच बिघडतात. संध्याकाळी गावभर मोबाईल चालू, टॉवर जोरात, म्हणून त्रास त्याच वेळी.

मेनूत दोन पट्ट्या दिसतात. आमची स्ट्रेंग्थ 80च्या वर ठाम, क्वालिटी मात्र 20 ते 60 मध्ये उड्या मारायची. स्ट्रेंग्थ म्हणजे वायरीतून एकूण किती जोर आला, त्यात टॉवरचाही आला. चित्र ठरतं क्वालिटीवर. डिशवाले तुम्हाला स्ट्रेंग्थच दाखवतात.

जुना डबा उघडला तर ट्यूनरची चिप पाटीवर उघडीच, वर पत्रा नाही. नव्यात सॉकेटपासून ट्यूनरपर्यंत पत्र्याची पेटी आहे, कडेने झाळलेली. दुकानदाराला ते ठाऊक नव्हतं, मी डब्याच्या हवेच्या जाळीतून बॅटरी मारून पाहिलं. नव्या डब्याने निम्मा त्रास गेला. उरलेला निम्मा वायरीत होता. घराच्या धाब्यावर जिथे वायर पिळून काळी टेप गुंडाळली होती तिथून टॉवर सरळ आत येत होता, कारण वायरीच्या आतलं तारांच्या जाळीचं कवच तिथे तुटलेलं. आता एलएनबी ते डबा एकसलग आरजी-6 जातीची वायर, दोन्ही टोकांना दाबून बसवलेले कनेक्टर. जाळीचा एकही केस मधल्या तारेला लागता कामा नये, तेवढं डोळे फाडून बघा. तेव्हापासून क्वालिटी 60 च्या खाली आली ती फक्त मुसळधार पावसात. केयू बँडला, म्हणजे फ्री डिशच्या उपग्रहाच्या लहरींना, पाऊस अडवणारच, त्याला कोणत्याही डब्याकडे इलाज नाही.

आता तक्रारी. लाईट गेली-आली की डबा भलत्याच चॅनेलवर उघडतो, आणि आमच्याकडे लाईट काय कमी जाते? रिमोटचं बटण दोनदा दाबावं लागतं. सोबतचा अडॅप्टर तर रेडिओचा वैरी आहे: ट्रान्झिस्टर जवळ नेला की 585 किलोहर्ट्झवरचं नागपूर आकाशवाणी घरघरीत बुडतं. टीव्हीला त्याचा काही त्रास नाही, पण बाबांना सकाळच्या बातम्या रेडिओवरच लागतात, म्हणून रात्री डबा भिंतीच्या बटणावरूनच बंद करतो.