पुण्यातील एक सूतकताई मंडळ: आठ महिन्यांनंतरचे परीक्षण

पुण्याच्या एका पेठेतील जुन्या वाड्याच्या तळमजल्यावर दर रविवारी सकाळी नऊ ते साडेबारा या वेळात वीस-बावीस माणसे सूत कातायला जमतात. कातण्याबरोबरच कापूस पिंजणे, लोकर कातणे, सूत रंगवणे आणि छोट्या हातमागावर विणणे एवढे सगळे तेथे शिकवले जाते, असे त्यांच्या माहितीपत्रकात म्हटले आहे. गेल्या आठ महिन्यांत त्यांतील प्रत्येक गोष्ट मी थोडीफार करून पाहिली आणि त्या अनुभवावरून हे लिहीत आहे. चालवणाऱ्यांना प्रसिद्धीची हौस नाही आणि पुढे माझ्या काही तक्रारीही यायच्या आहेत, म्हणून मंडळाचे नाव देत नाही. मत मात्र आधीच सांगून टाकते: कातणे शिकायचे असेल तर याहून चांगली जागा मला ठाऊक नाही, विणणे शिकायचे असेल तर तेथे जाऊ नये.

पहिला महिनाभर चरख्याला हात लावू देत नाहीत. हातात येते ती टकळी, म्हणजे पितळी चकतीत बसवलेली लोखंडी सळई, आणि सोबत पाच-सहा पेळू, म्हणजे पिंजलेल्या कापसाच्या लांबट वळकट्या. या नियमावर नवे लोक कुरकुरतात, मीही कुरकुरले. पण त्याचे कारण दुसऱ्याच आठवड्यात समजले. कातताना पेळूतून तंतू ओढले जातात आणि ओढलेल्या तंतूंना लगोलग पीळ बसत जातो. ओढ पुढे गेली आणि पीळ मागे राहिला तर धागा सुटतो. पीळ पुढे धावला तर तंतू सरकायचे थांबतात आणि तेवढा भाग जाड राहतो. चरख्यावर हे इतक्या वेगाने घडते की चूक कोठे झाली ते नवख्याला कळत नाही, टकळीवर मात्र पीळ चढताना डोळ्यांना दिसतो. सत्तरी ओलांडलेल्या दोघा-तिघा सभासदांनी टकळी शाळेतच फिरवली होती, आणि त्यांची बोटे इतक्या वर्षांनंतरही चुकत नाहीत. टकळीबरोबर तोंडाची टकळीही चालू ठेवण्याची त्यांची हातोटी मला अजून साधलेली नाही.

दुसऱ्या महिन्यात पेटी चरखा मिळतो. या चरख्याची घडण महात्मा गांधींच्या येरवड्याच्या तुरुंगवासात, १९३० च्या सुमारास झाली, म्हणून त्याला यरवडा चक्र असेही म्हणतात. आम्ही बसतो तेथून तो तुरुंग काही किलोमीटरांवर आहे, त्यामुळे पुणेकराला या वस्तूविषयी थोडा अभिमान वाटला तर तो क्षम्य मानावा. पेटी उघडली की दोन चक्रे दिसतात. मोठ्या चक्राच्या मुठीला दिलेला एक फेरा माळेवरून, म्हणजे चक्रांना जोडणाऱ्या दोरीवरून, छोट्या चक्राकडे आणि तेथून चातीकडे, म्हणजे सूत जिच्यावर गुंडाळले जाते त्या टोकदार सळईकडे, जाईपर्यंत कित्येक पट वाढलेला असतो. उजवा हात फिरवतो, डावा हात पेळू मागे ओढतो, आणि हात पुरता लांबला की चक्र किंचित उलटे फिरवून सूत चातीवर गुंडाळून घ्यायचे, एवढीच काय ती क्रिया. ती सहज होऊ लागायला मला सात आठवडे लागले. मंडळाचे चरखे जुने पण उत्तम राखलेले आहेत. स्वतःसाठी नवा मागवायचा असल्यास ते एका कारखान्यातून मागवून देतात. माझ्या चरख्याची चाती वाकलेली निघाली आणि बदलून मिळायला पाच आठवडे गेले. नवा चरखा घेताना चाती सपाट काचेवर लोळवून पाहावी, एवढा धडा मी त्यातून घेतला. चाती जरा जरी वाकडी असली तरी प्रत्येक फेऱ्याला टोक थरथरते आणि धागा नेमका तेथेच तुटतो.

या मंडळाचे खरे वेगळेपण मात्र मोजणीत आहे. कातलेले सूत घरी नेऊन कौतुकाने कपाटात ठेवू देत नाहीत. त्याच दिवशी ते फाळक्यावर, म्हणजे सूत गुंडाळण्याच्या चौकटीवर, गुंडाळायचे आणि वहीत नोंद करायची. फाळक्याचा एक वेढा चार फुटांचा, त्याला तार म्हणतात. १६० तारांची एक लट आणि चार लटींची, म्हणजे ६४० तारांची, एक गुंडी. गुंडी पुरी झाली की ती तराजूवर ठेवतात आणि लांबी-वजनावरून सुताचा अंक काढतात. एका पौंड सुताची लांबी ८४० वारांच्या जितक्या पट भरेल तितका तो अंक, त्यामुळे अंक जितका मोठा तितके सूत बारीक. माझी पहिली गुंडी ५२ ग्रॅम भरली, म्हणजे सूत जेमतेम नऊ अंकी. पाचव्या महिन्यातली ३० ग्रॅमची होती, म्हणजे पंधराच्या पुढे. आपला हात सुधारला असे वाटणे आणि वहीत ५२ च्या खाली ३० लिहिलेले दिसणे यांत फार अंतर आहे. केवळ अंकावर समाधान मानू नये म्हणून गुंडीतला एक हातभर तुकडा कापून त्याला वजन टांगून पाहतात, आणि बारीक सुताच्या हौसेपायी पीळ कमी पडला असेल तर तो तेथल्या तेथे उघडा पडतो.

याच वहीमुळे एक जुनी गोष्ट मला नव्याने कळली. गांधींच्या अध्यक्षतेखाली १९२४ साली बेळगावला भरलेल्या काँग्रेस अधिवेशनात सभासदत्वासाठी दरमहा दोन हजार वार सूत देण्याची अट मान्य झाली होती, आणि पुढच्याच वर्षी ती सैल करावी लागली. दोन हजार वार म्हणजे सव्वादोन गुंड्यांहून थोडे अधिक. तासाला शंभर तार काढणाऱ्या माझ्यासारखीला त्यासाठी महिन्याचे पंधरा तास लागतील. ही अट जाचक होती की नव्हती यावर मी आता पूर्वीइतक्या खात्रीने बोलत नाही.

पेळूंच्या बाबतीत मंडळ काटेकोर आहे, कारण वाईट पेळूतून चांगले सूत कोणालाच काढता येत नाही. दिवाळीनंतर नवा कापूस आला की एक पूर्ण रविवार सरकी काढण्यात आणि पिंजण्यात जातो. देशी वाणाचा आखूड तंतू आणि संकरित वाणाचा लांब तंतू शेजारी शेजारी ठेवून दोन्ही कातायला लावतात. आखूड तंतूला पीळ जास्त लागतो हे वाचून माहीत असणे वेगळे आणि बोटांना समजणे वेगळे. पावसाळ्यात हवेतल्या ओलीमुळे कापूस नीट पिंजला जात नाही, त्याचे गोळे होतात, म्हणून त्या तीन महिन्यांचे पेळू उन्हाळ्यातच करून डब्यांत भरून ठेवतात. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत सूत वारंवार तुटते, तेव्हा खोलीत ओल्या चादरी टांगतात. शिकवण्याच्या यादीत नसलेल्या अशा गोष्टींसाठीच मी तेथे टिकले.

लोकरीचे दोन रविवार माझ्या मते वर्गणीचे सगळे पैसे वसूल करून देतात. दख्खनी मेंढीची लोकर राठ, केसाळ आणि काळ्या-करड्या रंगाची असते; कापूस कातून आलेल्या माणसाला ती प्रथम बोचते. कातरणीचा खर्चही लोकरीच्या किमतीतून निघत नाही, म्हणून अनेक मेंढपाळ आता ती फेकून देतात, आणि त्याच लोकरीची घोंगडी शहरात शोधून मिळत नाही. माण तालुक्यातून आलेल्या एका आजींनी आम्हांला ती पिंजून कातून दाखवली. माझा धागा तिसऱ्यांदा तुटला तेव्हा त्यांनी लोकर हातात घेऊन पाहिली आणि म्हणाल्या, ‘‘पोरी, धागा तुटत न्हाई, तू त्याला घाबरतीस.’’ घोंगडीच्या ताण्याला, म्हणजे मागावरच्या उभ्या धाग्यांना, चिंचोक्याची खळ का लावतात, कोकराच्या पहिल्या कातरणीच्या जावळाला मान का, हे त्यांच्याकडून ऐकण्यासाठी दोन रविवार अपुरे पडले. त्यांना मंडळ प्रवासखर्च आणि मानधन देते, हे मी मुद्दाम विचारून घेतले. बुरणूस करण्याचा, म्हणजे न विणता लोकर ओल्या दाबाने एकजीव करण्याचा प्रयोगही झाला. माझा तुकडा बुरणूस म्हणण्याजोगा नव्हता, पायपुसणे म्हणण्याजोगा होता.

रंगकामाचा वर्ग ठीक आहे. हिरड्याच्या पाण्यात भिजवलेले सूत लोखंड आणि गूळ आंबवलेल्या पाण्यात बुडवताच काळे पडते, ते पाहून सगळे हरखतात. मंजिष्ठ आणि डाळिंबाची साल तुरटीबरोबर वापरून दाखवतात. नीळ मात्र तयार द्रावणातूनच देतात, तिची कुंडी लावणे शिकवत नाहीत.

आता विणकाम. सोळा जणांच्या तुकडीला दोन टेबल माग आहेत आणि पाळीची नोंद कोठेही नसते, त्यामुळे जो आधी येईल तो बसतो आणि उठत नाही. ताणा लावणे हे विणकामातले सर्वांत महत्त्वाचे काम एक ज्येष्ठ सभासद एकट्यानेच करतात आणि आम्ही बाजूला उभे राहून पाहतो. एकेक धागा फणीतून ओवताना त्याचा क्रम कसा धरायचा, ताण सारखा कसा राखायचा, हे आठ महिन्यांनंतरही मला येत नाही. आपल्याला मिळतो तो धोटा, म्हणजे आडवा धागा वाहून नेणारे साधन, इकडून तिकडे टाकण्याचा भाग, आणि तो अर्ध्या तासात कोणालाही येतो. त्याहून मोठी हरकत सुताची. ताण्याला गिरणीचे सूत लावतात आणि बाण्यात, म्हणजे आडव्या धाग्यांत, तेवढे आपले हातसूत घालायला सांगतात. हातसूत ताण्यात तुटते, हे कारण दिले जाते. तुटते हे खरे, पण त्यासाठीच तर खळ देतात, आणि खळ देण्याचा वर्ग या आठ महिन्यांत एकदाही झाला नाही. १९५६ च्या खादी आयोगाच्या कायद्यानुसार खादीचे सूतही हाताने कातलेले असावे लागते आणि विणाईही हातमागावर व्हावी लागते. जिथे गुंडीगुंडीचा अंक काढतात, तेथेच अर्धे गिरणीचे कापड ‘आपण विणलेली खादी’ म्हणून प्रदर्शनात मांडलेले पाहून मला अवघडल्यासारखे झाले. चाळीस सेंटीमीटरच्या चौकोनी रुमालाला, सेंटीमीटरला बारा धागे धरले तर, उभे-आडवे मिळून सुमारे ३८४ मीटर सूत लागते, म्हणजे अर्धी गुंडी. ताण्याची नासधूस धरली तरी एक गुंडी पुरते. निदान एवढा एक रुमाल प्रत्येकाने स्वतःच्याच सुतात, स्वतः ताणा लावून पुरा करावा, अशी सूचना मी लेखी दिली आहे. उत्तर अजून आलेले नाही.

वर्गणी महिन्याला ४०० रुपये, त्यात टकळी आणि पेळू येतात. चरखा घरी न्यायचा तर १,५०० रुपये अनामत ठेवावी लागते आणि ती परत मिळते. बसणे जमिनीवर असते, गुडघे दुखणाऱ्यांसाठी किसान चरख्याची दोन उंच मेजे आहेत, पण त्यासाठी आधी सांगून ठेवावे. वाड्यात चप्पल बाहेर काढावी लागते आणि पावसाळ्यात ती भिजते. नव्या तुकडीसाठी दिवाळीनंतरचा पहिला रविवार धरावा, कारण सरकी काढण्याचे काम त्याच सुमारास असते आणि ते चुकले तर पुन्हा वर्षभर थांबावे लागते.