मोका पॉट: पावसाळ्यापासून रोज वापरल्यावर

आधी किमतीचं सांगतो, कारण विचारणारे सगळे तिथूनच सुरुवात करतात. मोका पॉट म्हणजे गॅसवर ठेवून कॉफी करायचं भांडं: खाली पाण्याची टाकी, मध्ये पावडरीची गाळणी, वर कॉफी जमा होण्याचं भांडं. माझा तीन कपांचा ॲल्युमिनियमचा पॉट दीड हजाराच्या आसपास पडला. कॉफीच्या बिया दळायचा, हाताने फिरवायचा ग्राइंडर त्याच्या जवळजवळ दुप्पट. इतके महिने रोज सकाळी वापरल्यावर माझं मत पक्कं झालंय की पैसे असेच वाटायला हवेत. पॉट कुठलाही चालतो, दळण कुठलंही चालत नाही.

‘तीन कप’ वाचून फसू नका. हे इटालियन कप, एकेक जेमतेम ४०-५० मिलीचा. सगळी मिळून शंभर-सव्वाशे मिली कडक काळी कॉफी निघते. दूध घालून दोघांना पुरते, काळी पिणारा असेल तर एकटाच संपवतो. अर्धा पॉट भरूनही भागत नाही. पाणी खालच्या टाकीतल्या सेफ्टी व्हॉल्व्हच्या (जादा वाफ बाहेर सोडणाऱ्या झडपेच्या) जरा खालपर्यंत आणि पावडर गाळणीच्या काठापर्यंत, हे प्रमाण ठरलेलं. त्यामुळे ‘मोठाच घेऊ, पाहुणे आले तर उपयोगी पडेल’ हा आपला नेहमीचा हिशेब इथे उपयोगाचा नाही. सहा कपांचा घेतलात की रोज सहा कपांचीच करायची.

ही एस्प्रेसो आहे का? नाही. कॅफेतलं मशीन पाणी नऊ बारच्या आसपास दाबाने ढकलतं, इथे फार तर एक-दोन बार. वर तो जाड सोनेरी थर जमत नाही, आणि ‘घरच्या घरी एस्प्रेसो’ असं खोक्यावर लिहिणाऱ्यांनी जरा जपून लिहावं. पण दक्षिणी फिल्टरमध्ये डिकॉक्शन थेंबथेंब उतरायला लागतो तितका वेळही लागत नाही. पाच-सहा मिनिटांत दूध पेलेल अशी कॉफी हातात असते. दुधाची कॉफी पिणाऱ्या घराला एवढं पुरे.

हे भांडं १९३३ सालचं, उत्तर इटलीतल्या क्रुसिनालोच्या अल्फोन्सो बियालेत्ती यांचं. घराघरांत पोचवलं ते त्यांच्या मुलाने, रेनातोने, दुसऱ्या महायुद्धानंतर धडाक्यात जाहिराती करून. २०१६ मध्ये रेनातो गेले तेव्हा त्यांच्या अस्थी एका भल्यामोठ्या मोका पॉटमध्ये ठेवल्या होत्या. माझा पॉट त्यांच्या कंपनीचा नाही, पण रचना तीच.

आता खरी गंमत आचेची. खालचं पाणी तापतं, तिथली हवा आणि वाफ फुगते आणि पाण्याला गाळणीच्या नळीतून पावडरीत, तिथून वर ढकलते. पाण्याची पातळी नळीच्या तोंडाखाली गेली की मागोमाग नुसती वाफ घुसते आणि पावडर करपवते. मोका पॉटची कॉफी कडू लागते अशी तक्रार करणाऱ्यांपैकी बहुतेकांची कॉफी या शेवटच्या अर्ध्या मिनिटात बिघडलेली असते. म्हणून मी झाकण उघडंच ठेवतो. आधी वरच्या भांड्यातल्या नळीच्या तोंडाशी गडद, जवळजवळ काळी धार झिरपते, मग ती तांबूस होते, मग मधाच्या रंगावर येते. रंग फिका पडायला लागला आणि फुरफुर सुरू झाली की गॅस बंद आणि पॉटचं बूड सरळ नळाखाली. कॉफी वर चढणं तिथेच थांबतं. टाकीत थोडं पाणी उरतं, उरू दे.

भारतीय शेगडीवर एक अडचण येतेच. लहान बर्नरच्याही दांड्यांमध्ये एवढी जागा असते की तीन कपांचा पॉट मध्येच कलतो. भांड्यांच्या दुकानात छोटी लोखंडी जाळी मिळते, ती आणा. ज्योत बुडाच्या बाहेर आली तर प्लॅस्टिकची मूठ वितळते. इंडक्शनवर ॲल्युमिनियमचा पॉट चालत नाही, त्यासाठी इंडक्शनला चालेल अशा बुडाचा स्टीलचा बघावा लागतो.

थंड पाणी की गरम, यावर लोक तावातावाने भांडतात. गडद भाजलेल्या कॉफीत मला फरक जाणवला नाही. हलकी भाजलेली असेल तर आधी उकळलेलं पाणी घेतो, फक्त मग टाकी फडक्यात धरून पॉट आवळावा लागतो.

दळण बारीक मिठाइतकं हवं. ऑनलाइन मागवलेल्या एका पाकिटावर ‘मोका पॉटसाठी’ असं छापलं होतं आणि आत दळण रव्यासारखं जाड होतं. पाणी त्यातून सुसाट गेलं, कॉफी पांचट. ग्राइंडर घेतला तो त्याच आठवड्यात. उलट मशीनच्या एस्प्रेसोसाठीचं पिठासारखं दळण इथे तुंबतं. आणि पावडर चमच्याने दाबू नका, बोटाने सपाट करा, बस. दाबली तर पाण्याला वाट मिळत नाही आणि ताण सगळा सेफ्टी व्हॉल्व्हवर येतो.

कॉफी घेताना पाकीट उलटं करून वाचा. आपल्याकडे कॉफी आणि चिकोरी (एका झाडाचं भाजून दळलेलं मूळ) यांच्या मिश्रणात निम्म्याला एखादा टक्का कमी इतकी चिकोरी कायद्याने चालते, आणि तशी पावडर या पॉटमधून काळीकुट्ट, गुळचट उतरते. फिल्टरला ती शोभते, इथे नाही. चिकमगळूर किंवा कूर्गची अरेबिका घ्या, दुधासाठी थोडी रोबस्टा, म्हणजे कॉफीचीच जास्त कडक जात, मिसळलेली असेल तर उत्तमच. भाजल्याची तारीख नसलेलं पाकीट मी आता घेत नाही. चिखलदऱ्यालाही कॉफी पिकते, हे विदर्भाबाहेर फारसं कुणाला ठाऊक नसतं. मित्राने तिथली थोडी आणून दिली होती, काळी प्यायला सौम्य आणि छान, दुधात मात्र हरवली.

आईचं मत वेगळं. “एवढा खटाटोप करतोस, त्यापेक्षा दुधात उकळलेली बरी,” असं ती पहिले काही दिवस म्हणायची. मग मी तिच्या कपात साखर आणि किसलेलं जायफळ घालून द्यायला लागलो. आता सकाळी पॉटचा आवाज आला की आतून विचारते, “माझी घातलीस ना रे?”

धुण्याचं. ‘मोका पॉट कधी धुवायचा नसतो’ हा निव्वळ आळस आहे. आत तेलाचा थर साचतो आणि खवट वास येतो. मी रोज गरम पाण्याने हाताने धुतो, कोरडा पुसतो आणि भाग सुटे ठेवतो. तारेची घासणी मात्र लावू नका. आमच्या मावशींनी एकदा प्रेमाने लखलखीत करून दिला आणि पुढच्या दोन-तीन कॉफ्यांना धातूची चव आली. तेव्हापासून तो घासायच्या भांड्यांत जात नाही. आमच्याकडे उन्हाळ्यात टँकरचं जड पाणी येतं, तेव्हा टाकीत पांढरा थर धरतो. लिंबाचा रस घातलेलं पाणी भरून कॉफीशिवाय एकदा चालवलं की सुटतो. व्हॉल्व्हकडे तेव्हा खास लक्ष द्या, तो अडकला असेल तर पॉट वापरायचा नाही.

खर्च निघाला तो एकाच भागावर. मधली रबरी रिंग कडक झाली आणि आट्यांमधून वाफ सुटायला लागली. वाफ तिथून गेली की दाब बनत नाही, कॉफी वर चढतच नाही. पॉट विकणाऱ्या कंपनीकडे मापाची रिंग नव्हती, ‘नवीन पॉट घ्या’ असं उत्तर आलं. शेवटी दुसऱ्या कंपनीची सिलिकॉनची मापून मागवली, ती बसली. विकत घेण्यापूर्वी सुट्या रिंगा मिळतात का, एवढं विचारा आणि मिळत असतील तर पॉटबरोबरच दोन घेऊन ठेवा.