हँगिंग टॉयलेटरी बॅग: एक मार्च एंड आणि एक पावसाळा काढल्यावर

हुक तुटला. बाकी बॅग धडधाकट आहे, म्हणून तर जास्त चिडचिड होते.

कप्पे किती, जाळी कुठे, हे सगळं विक्रीच्या पानावर आहेच, ते परत उगाळत नाही. मी बँकांच्या शाखांचं ऑडिट करते. लातूर, बीड, परभणी अशी फिरती आणि मुक्काम स्टँडजवळच्या लॉजवर. तिथल्या बाथरूममध्ये फळी नसते, खिडकीची कड कायम ओली, आणि फ्लशच्या टाकीवर ब्रश ठेवायला माझं मन धजत नाही. म्हणून ७९९ रुपये मोजून लटकणारी बॅग घेतली.

आणि लटकवायची म्हणून विकलेल्या वस्तूत लटकवायचा भागच सगळ्यात फुसका! हुकाचं तोंड फूटपट्टी लावून मोजलं: १५ मिमी. लॉजमधला टॉवेलचा रॉड बहुतेक पाऊण इंची, म्हणजे १९. आता बसवा. दाबून बसवला की हुकाच्या वळणावर प्लास्टिक पांढरं पडतं, दर मुक्कामाला ती पांढरी रेघ थोडी लांबते, आणि एका सकाळी बॅग सरळ भरल्या बादलीत. ज्याने हे डिझाइन केलं त्याच्या घरी टॉवेल खिळ्याला टांगत असावेत.

कस्टमर केअरने आधी फोटो मागितला. दिला. मग अनबॉक्सिंगचा व्हिडिओ मागितला! इतके महिने वापरलेल्या बॅगेचा! शेवटी कळवलं की वॉरंटी शिलाई आणि चेनवर आहे, हुक ही ॲक्सेसरी. वर पुढच्या खरेदीवर १० टक्के सूट. म्हणजे हुकासाठी मी अख्खी दुसरी बॅग घ्यायची. सासूबाई एवढंच म्हणाल्या, "अगं, आम्ही दुधाच्या पिशव्या धुऊन त्यात साबण न्यायचो, त्यांचा कधी हुक तुटला नाही."

इथवरचं लिहून एक तारा देणार होते. पण ते राहून गेलं आणि मधल्या काळात बॅग दुरुस्तीला दिली. चपला-बॅगा शिवणाऱ्या काकांनी हुक कापूनच टाकला, त्या जागी नायलॉनची पट्टी शिवली आणि टोकाला टिचबटण लावलं. चाळीस रुपये. पट्टी रॉडभोवती घ्यायची, बटण दाबायचं. रॉड, नळ, खिडकीचा गज, रेल्वेच्या बर्थची साखळी, कुठेही बसते. आता ही बॅग मला खरंच आवडते, फक्त त्याचं श्रेय कंपनीला द्यायची माझी तयारी नाही.

चेन मात्र उत्तम. खाऱ्या बोअरच्या पाण्याने ओल्या झालेल्या हातांनी इतक्यांदा ओढूनही अडकत नाही. जाळीच्या कप्प्यात ओला ब्रश ठेवला तर संध्याकाळपर्यंत सुकतो. ओला साबण मात्र त्यात ठेवू नका. बोअरच्या पाण्यात फेस येत नाही म्हणून आपण तो जास्त घासतो, तो मऊ पडतो आणि जाळीतून खाली गळतो. त्याला झाकणाची साबणदाणीच हवी.

सोबत फुकट आलेल्या सिलिकॉनच्या बाटल्यांबद्दल. शाम्पूला ठीक, पण एकदा भरलेल्या शाम्पूचा वास त्यातून जात नाही, दुसरं काही भरलं तरी तोच दरवळ. खोबरेल तर अजिबात भरू नका. ते साधारण २४ अंशांखाली थिजतं, डिसेंबरात त्या बारीक तोंडातून काय निघणार? बाटली गरम पाण्याच्या मगात धरून बसावं लागतं आणि तिकडे शाखा उघडायची वेळ झालेली असते. मी आता क्रीमची रिकामी रुंद तोंडाची डबी वापरते, थिजलं तर बोटाने काढता येतं. उन्हाळ्यात पातळ होऊन पाझरतं म्हणून झाकणाखाली प्लास्टिकचा तुकडा.

विमानात आणखी एक प्रकार. केबिनमधला दाब साधारण सहा ते आठ हजार फुटांवरच्या हवेइतका ठेवतात, त्यामुळे अर्धवट भरलेल्या बाटलीतली हवा फुगते आणि शाम्पूला बाहेर ढकलते. बाटली दाबून हवा काढायची आणि मग झाकण लावायचं, गळती थांबते. नणंदेकडे दुबईला जाताना मात्र ही बॅग सिक्युरिटीत कुचकामी ठरली. तिथे द्रव पदार्थ १०० मिलीपर्यंतच्या बाटल्यांत आणि त्या सगळ्या एक लिटरच्या पारदर्शक पिशवीत लागतात. ही बॅग काळीकुट्ट. शिवाय बघतात ते बाटलीचं माप, आत किती उरलंय ते नाही. माझ्या पुढच्या बाईंची १५० मिलीची, तळाशी जेमतेम उरलेली फेसवॉशची ट्यूब टोपलीत गेली.

सूट लागून किंमत ४५० पर्यंत आली आणि जवळपास शिवणारं कोणी असेल तर घ्या. ७९९ ला नको.

ताजी खबर: पावसाळ्यानंतर आतलं कोटिंग चिकट झालंय आणि त्याचे पोपडे ब्रशला लागतात. वॉरंटी शिल्लक होती म्हणून परत फोटो पाठवला. शिलाई आणि चेन शाबूत आहेत याबद्दल त्यांनी आनंद व्यक्त केलाय.