दिव्याचा प्रोजेक्टर की बॅटरीचा?

घरातही चालेल आणि गावी अंगणातही लावता येईल असा प्रोजेक्टर शोधायला निघालात की शेवटी दोनच पर्याय उरतात. एक, तीन-साडेतीन हजार ल्युमेन्सचा (ल्युमेन म्हणजे प्रोजेक्टर किती उजेड फेकतो त्याचं माप) लॅम्पवाला एलसीडी. दुसरा, पाचशेच्या आसपास अ‍ॅन्सी ल्युमेन्सचा (म्हणजे ठरलेल्या प्रमाण पद्धतीने मोजलेल्या), आतच बॅटरी असलेला एलईडी. मी दोन्ही वापरलेत. रिझोल्यूशन, एचडीएमआय वगैरे दुकानदार सांगेलच.

उजेडाच्या बाबतीत लॅम्पवाल्याला तोड नाही. मे महिन्यात सूर्य सातच्या सुमारास मावळतो, पोरं तेव्हापासूनच मागे लागतात. लॅम्पवाला त्या संधिप्रकाशातही चित्र दाखवतो. एलईडीसाठी पावणेआठपर्यंत थांबावंच लागतं. ट्यूब चालू ठेवून हॉलमध्ये मॅच बघायची असेल, तर एलईडीच्या वाटेला जाऊ नका.

अंधार पडला की मात्र हा फरक वाटतो तेवढा उरत नाही. थिएटरच्या पडद्यावर चौरस मीटरला ४८ कँडेला (पडदा किती उजळ दिसतो त्याचं माप) उजेड असावा, असं प्रमाण आहे. १०० इंची साध्या पांढऱ्या पडद्यावर ५०० ल्युमेन्स पडले, तर हिशोब त्याच्या थोडा वरच जातो. पडदा १५० इंची केलात की क्षेत्रफळ सव्वादोन पट होतं आणि चित्र फिकटतं. खोक्यावर अ‍ॅन्सी किंवा आयएसओ ल्युमेन्स लिहिलेले नसतील, तर तिथला आकडा कितीही मोठा असला तरी धरू नका.

माझा निर्णय केला तो विजेने. गावी ऐन रंगात आलेल्या सिनेमात लाइट जाते, दोन मिनिटांत येतेही. लॅम्पवाल्याचं चित्र मात्र येत नाही. दिव्यातली पाऱ्याची वाफ प्रचंड दाबाखाली असते. निवेपर्यंत तो पुन्हा पेटत नाही. शिवाय लाइट गेली तेव्हा पंखाही बंद पडलेला, त्यामुळे आतली उष्णता आतच. बटण दाबत राहायचं, बारीक दिवा लुकलुकत राहतो. तोवर पोरं पांगतात, कुणी पाणी प्यायला उठतं, आजी विचारतात, "संपला का रे?" एका रात्री दोनदा असं झालं की सिनेमाचा जीव जातो. यूपीएस लावता येतो, नाही असं नाही. पण मग ते धूड प्रत्येक वेळी अंगणात वाहून न्या.

बॅटरीवाल्यात लाइट गेली तर उजेड थोडा उतरतो आणि सिनेमा पुढे चालू राहतो. एका चार्जमध्ये तीन तासांचा हिंदी सिनेमा बहुधा बसत नाही, म्हणून चार्जर लावूनच ठेवायचा. आवाज अंगणात पुरत नाही. वेगळा स्पीकर वायरने जोडा, ब्लूटूथवर ओठ आणि शब्द बऱ्याचदा जुळत नाहीत.

सोसायटीच्या गच्चीवर शे-दीडशे माणसं बसणार असतील आणि जनरेटरची सोय असेल, तर लॅम्पवालाच योग्य. घरची वीस-पंचवीस माणसं असतील, तर मला तरी बॅटरीवाला उजवा वाटतो. फक्त असे बहुतेक एलईडी डीएलपी असतात, म्हणजे लाल, हिरवा, निळा रंग एकामागून एक झपाट्याने टाकतात, आणि त्यात काहींना लाल-हिरव्या छटा चमकताना दिसतात. दुकानात काळ्यावर पांढरी श्रेयनामावली लावायला सांगा, नजर झरकन इकडून तिकडे फिरवा. घरातल्या आणखी एक-दोघांनाही फिरवायला लावा. एकाला दिसतं ते दुसऱ्याला दिसेलच असं नाही.