माकडतापात लक्ष कोणावर ठेवायचं, माकडावर की उंदरावर?
आपल्या गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात काजूचा सीझन सुरू झाला की हा प्रश्न येतोच. गोचिडी चावून माणसाला होणारा हा व्हायरसचा ताप १९५७ साली कर्नाटकात क्यासनूरच्या जंगलात पहिल्यांदा सापडला आणि २०१५ मध्ये आपल्या पाली गावापर्यंत आला.

उंदीर आणि चिचुंद्री बघा, यांच्या अंगात व्हायरस असतो, गोचिडी यांचं रक्त पिऊन तो पुढे नेतात, पण प्राणी वरून ठणठणीत दिसतो, बघून काय कळणार? तपासायचं तर पिंजरे लावा, रक्त काढा, लॅबला पाठवा, ते आपलं काम नाहीच.

माकड आणि वानर वेगळे. ते तापाने मरतात, म्हणजे झाडाखाली मेलेलं माकड दिसलं की व्हायरस तिथे असू शकतो, आणि मेलेल्या अंगावरून उतरलेल्या खसखशीएवढ्या बारीक गोचिडी तिथल्याच पाल्यात असतात, जिथे आपली माणसं वाकून काजूचे बोंडू गोळा करतात! म्हणून माझं मत सरळ माकडाला. फक्त त्याला हात लावू नका, पुरूही नका, लगेच हेल्थ सेंटरला किंवा फॉरेस्टवाल्यांना कळवा.

आणि हो, गाईगुरांमुळे गोचिडी वाढतात, व्हायरस नाही.